सहाशे सतरा की सहाशे एकोणीस

२ मार्च, रविवार. सकाळी ८.

आजपासून रोजनिशी. कारण हॉलची भिंत. मोठं काम हातात घेतलं की नोंदी हव्यात, नाहीतर कोण कधी काय म्हणालं यावरून नंतर घोळ होतो. दुसऱ्या कोणी वाचायची नाही. वाचली तरी माझं काही बिघडत नाही.

परिस्थिती अशी. सोफ्यामागच्या भिंतीला मागच्या वर्षी ओल आली. पाइप बदलला, प्लास्टर झालं, पुट्टी झाली. रंग तेवढा राहिला. गडद राखाडी असावा हे बायकोनेच सुचवलं होतं. शेड कार्डावर गडद राखाडी चौदा निघाले. त्यातले बारा मी एकहाती बाद केले. अकरा महिने लागले, पण काम चोख. उरले दोन : ६१७ आणि ६१९. एकाचं नाव विंटर स्लेट, दुसऱ्याचं हार्बर स्लेट. नावांच्या नादी लागायचं नाही, नंबर बघायचे.

निश्चय : पुढच्या रविवारी भिंत रंगवून मोकळं.

३ मार्च, सोमवार.

बायकोला पत्र आलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात विभागप्रमुख म्हणून नेमणूक, एक एप्रिलपासून. बसने सात तास. या जागेची ती नऊ वर्षं वाट बघत होती. पत्र तिने दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा जरा हळू. मी अभिनंदन केलं. मनापासून केलं.

मग तिने विचारलं, अहो, तुम्ही येणार ना माझ्याबरोबर? मी म्हटलं, बघू, आधी भिंत होऊ दे.

यात चुकीचं काही नाही. भिंत आधी ठरली, पत्र नंतर आलं. क्रम म्हणजे क्रम.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळी.

पेंटर येऊन गेला. काटकुळा माणूस, आवाज खाली. भिंतीवर दोन पट्टे मारून घेतले, हातभर रुंद. डावीकडे ६१७, उजवीकडे ६१९. खाली मास्किंग टेप लावून त्यावर मी नंबर लिहिले. पेंटर चार पावलं मागे गेला, बघितलं आणि म्हणाला, साहेब, दुसरा शेड कुठाय? मी बोट दाखवलं. तो जवळ गेला, परत मागे आला. म्हणाला, हे दोन्ही एकच हो.

मी नुसता हसलो. माणूस वाईट नाही, नजर तयार नाही. त्याचा दोष नाही. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो कागद असतो, जो कोणीही वाचत नाही, तो मी तेवीस वर्षं वाचतोय. जुनी प्रत डावीकडे, नवी उजवीकडे. फरक सापडल्याशिवाय मी सही करत नाही. फरक नाही असं कधी नसतंच. बघणाऱ्याने नीट बघितलेलं नसतं.

पेंटरने शिडी हॉलमध्येच ठेवली. चार दिवसांत यायचंच आहे, म्हणाला.

६ मार्च, गुरुवार.

भिंतीसाठी रजा टाकली. शास्त्रशुद्ध निरीक्षण.

सकाळी सात : ६१७ निळसर. ६१९ निळसर.
दुपारी एक : ६१७ किंचित कोमट. ६१९ मध्येही कोमटपणा आहे, पण वेगळ्या तऱ्हेचा. कोणत्या तऱ्हेचा ते शब्दांत येत नाही.
संध्याकाळी सहा : दोन्ही काळे.

ही कामावरून आली. पर्स ठेवली आणि सोफ्यावर बसली, पट्ट्यांकडे पाठ करून. तिकडचं हॉस्पिटल राहायला क्वार्टर देतं म्हणाली. एकट्याला खोली, कुटुंब असेल तर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी ऐकत होतो. तिच्या डोक्याच्या बरोबर वर ६१९ होता. केसांवर ६१९ जास्त खुलतो असं वाटलं. हा मुद्दा शेड कार्डवाल्यांना सुचणार नाही.

९ मार्च, रविवार.

आज भिंत व्हायची होती. झाली नाही. कारण आकाश ढगाळ. ढगाळ हवेत राखाडी ठरवणं म्हणजे शुद्ध जुगार. पेंटरला फोन करून परिस्थिती समजावली. तो म्हणाला, साहेब, सोफा लावला की भिंतीचा वरचा तेवढा भाग दिसणार आहे. मी म्हटलं, म्हणूनच. त्याने फोन ठेवला. पटलं असणार.

नवा निश्चय : शनिवार, १५ मार्च. यात आता बदल नाही.

१० मार्च, सोमवार. दुपारी.

ऑफिसात मोठी गोष्ट झाली. मॅडमना, म्हणजे माझ्या वरिष्ठांना, भेटलो. वयाने माझ्याहून लहान, पण हुशार बाई. बायकोच्या बदलीचं सांगितलं आणि विचारलं, समजा दुसऱ्या गावाहून काम करायची वेळ आली तर? मी वीस मिनिटांचे मुद्दे तयार केले होते. दोन मिनिटांत आटोपलं. म्हणाल्या, फाइल मेलवर येते, मेलवर जाते. तुम्ही कुठे बसून वाचता याने गोळीला काय फरक पडतो? आनंदाने जा. लगेच लेखी दिलं, सहीशिक्क्यानिशी.

कागद बॅगेत आहे. म्हणजे जायला अडचण अशी कोणतीच नाही. हे वाक्य दोनदा तपासलं. चूक सापडली नाही.

हिला लगेच सांगणार नाही. अर्धवट बातमी देण्यात काय मजा? शनिवारी भिंत झाली की दोन्ही एकदम सांगेन. रंगवलेली भिंत आणि मी येतो. केवढी खूश होईल.

११ मार्च, मंगळवार.

मुलीचा फोन. ती नोकरीला दुसरीकडे असते, फोन करते तो आईलाच. आज मला केला. म्हणाली, बाबा, आईला हो किंवा नाही काय ते सांगून टाक ना. तिने एकटीने जायची मनाची तयारी करावी की नको, हे तरी तिला कळू दे.

मी म्हटलं, तयारी चालू आहे. ती म्हणाली, कसली? मी ६१७ आणि ६१९ बद्दल सांगायला घेतलं. मधेच फोन बंद झाला. नेटवर्क गेलं बहुधा.

१३ मार्च, गुरुवार.

हॉस्पिटलचा क्वार्टरचा फॉर्म आला. जाड, पांढरा, एकच बाजू छापलेली. छपाई बरी, दोन ठिकाणी कॉमा चुकलाय. मुख्य प्रश्न एकच. एकटे राहणार की कुटुंबासह? खाली सोबत राहणाऱ्यांची नावं. वीस तारखेपर्यंत पाठवायला हवा.

हिने तो जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवला. पेनही ठेवलं. मी पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं, तिथेच त्याची जागा आहे.

१५ मार्च, शनिवार.

मोठी चूक अशी झाली नाही, पण नोंद करून ठेवतो.

भिंतीवर पट्टे शेजारी-शेजारी असले की डोळा फसतो. रंग पांढऱ्या कागदावर बघायला हवा, हे आज सकाळी सुचलं. कागद जाड हवा, नाहीतर ओला होऊन गोळा होतो. टेबलावर नेमका तसा होता. बाजू कोरी. अर्ध्यावर ६१७, अर्ध्यावर ६१९. मधली कड इतकी सरळ आली की पेंटरला दाखवावीशी वाटली. वाळल्यावर उलटून बघितलं, तर क्वार्टरचा फॉर्म.

रंग पुढच्या बाजूला उतरला होता. नावांच्या जागी राखाडी डाग.

ही बाजारातून आली. पिशवी हातात तशीच. फॉर्म बघितला, मागून, पुढून. आता फटाके फुटणार असं वाटलं. पण तिने विचारलं, यातला कुठला कुठला आहे? मला एकदम उत्साह आला. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा विषयात लक्ष घातलं. मी सगळं सांगितलं. सकाळचा निळसरपणा, दुपारचा कोमटपणा, केसांचा मुद्दा. तिने सगळं उभ्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला दोन्ही चालतील हो. मला तुम्हाला दुसरंच विचारायचं होतं.

मी म्हटलं, एकेक घेऊ.

ती पिशवी घेऊन आत गेली. दुसरा फॉर्म मागवते म्हणाली. आवाज चढला नाही, भांडी आपटली नाहीत. अशी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

ऑफिसचा कागद आज द्यायचा होता. पण भिंत झाली नाही, म्हणून दिला नाही.

१६ मार्च, रविवार.

पहाटे जाग आली ती एका प्रश्नाने. ६१७ आहे, ६१९ आहे. मग ६१८ कुठाय?

दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, ६१८ बंद झाला, खपत नव्हता. मी विचारलं, कसा होता? म्हणाला, राखाडी. मी विचारलं, या दोघांच्या मधला? तो म्हणाला, साहेब, मधे जागा कुठाय?

चालत परत आलो. कधी न पाहिलेल्या रंगाची आठवण येत होती. मूर्खपणा आहे, पण येत होती.

१७ मार्च, सोमवार.

नमुने ऑफिसात नेले. समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आम्ही भिंगवाले म्हणतो. तो भिंगाशिवाय जेवणाचा डबाही उघडत नाही. कामात आमची जोडी आहे. मी मोठ्याने वाचतो, कॉमा-पूर्णविरामासकट, आणि तो जुन्या प्रतीवर बोट फिरवतो. त्याने दोन्ही नमुने भिंगाखाली धरले. पाच मिनिटं बघितलं. मग भिंग पुसलं आणि विचारलं, वहिनी कधी जाताहेत?

मी म्हटलं, एकोणतीसला. तो म्हणाला, आणि तू?

या माणसाला विषयाला धरून बोलता येत नाही.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७.

नवा फॉर्म आला. ही टेबलाशी बसली, चष्मा लावला, आपलं नाव, जन्मतारीख, शिक्षण सगळं भरलं. मग थांबली. म्हणाली, उद्या शेवटची तारीख. काय लिहू इथे?

मी शिडीवर होतो. पट्ट्यांच्या वरच्या कडा बघत होतो. वरून तिचा भांग दिसत होता, पुष्कळ पांढरा झालाय. येतो म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण भिंत बघितली आणि वाटलं, आत्ता म्हटलं तर अर्धवट होईल. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते लिही.

नवऱ्याने बायकोला इतकं स्वातंत्र्य द्यायला मोठं मन लागतं. तिने चष्मा काढून पुसला, परत लावला. मग एका चौकोनात खूण केली आणि फॉर्मची घडी घातली. कुठल्या चौकोनात ते मी बघितलं नाही. दुसऱ्याच्या कागदात डोकावणं बरं दिसत नाही.

२० मार्च, गुरुवार.

फॉर्म गेला.

आज काही वाटलं नाही. चहा घेतला. दोनदा घेतला. पहिला घेतल्याचं लक्षात नव्हतं.

२३ मार्च, रविवार.

अनर्थ. पंखा पाचवर होता, दोन्ही टेप भिंतीवरून सुटून खाली पडल्या. पट्टे दोन, चिठ्ठ्या दोन, आणि कुठली कुठली हे सांगायला कोणी नाही. पाच तारखेची नोंद काढून वाचली. डावीकडे ६१७ असं स्वच्छ लिहिलंय. पण डावीकडे म्हणजे भिंतीकडे तोंड करून की पाठ करून? हे लिहायचं राहिलं. माझ्यासारख्याकडून राहावं!

पेंटरला फोन केला. तो दुसरीकडे कामावर होता, मागे रोलरचा आवाज. म्हणाला, साहेब, जो आवडेल त्याला ६१७ म्हणा.

फोन ठेवला. अशा माणसांमुळेच देशोदेशीच्या भिंती बिघडल्या आहेत.

डबीत उरलेल्या रंगाचे नवे पट्टे मी स्वतः मारले. आता पट्टे चार. शिडीवर हिने नॅपकिन वाळत घातले होते, एकावर थेंब उडाले. तिने तो उचलून बाजूला ठेवला, न्यायच्या ढिगात नाही, राहायच्या ढिगात.

२५ मार्च, मंगळवार.

बांधाबांध. व्यायामाचे रबरी पट्टे, छोटी वजनं, मणक्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल. मॉडेल टॉवेलमध्ये गुंडाळून दिलं. ही म्हणाली, नीट गुंडाळलंत. कौतुक केलं की बरं वाटतं.

नंतर ती सोफ्यावर बसली, या वेळी तोंड भिंतीकडे. चारही पट्टे बघत होती. मी शेजारी बसलो. आमचं असं छान जमतं. मग ती म्हणाली, बत्तीस वर्षांत मी तुमच्याकडे फार काही मागितलं नाही. आत्ताही या म्हणत नाही. येणार आहात का, एवढंच सांगा. नाही म्हणालात तरी चालेल.

मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब.

ती म्हणाली, मी शनिवारी जातेय.

हो, ते माझ्या लक्षात होतं. बोलण्यात चूक झाली.

२८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५.४०.

ठरलं!

६१७. विंटर स्लेट. कारणं सहा आहेत, सविस्तर पुढे कधीतरी लिहीन. एकदा डोळे मिटून उघडले आणि दिसलं. तेवीस वर्षांची नजर शेवटी कामाला आली. पेंटरला उद्या सकाळी नऊला बोलावलं. दुकानदाराला सांगून ठेवलं.

आत जाऊन हिला सांगितलं. ती बॅगेची चेन ओढत होती, अडकली होती. म्हणाली, बरं झालं. सुटलात. मी चेन ओढून दिली.

कागद बॅगेतच आहे. पण आता घाईघाईत, चेनी ओढताना, अशी गोष्ट सांगायची नसते. भिंत झाली की.

२९ मार्च, शनिवार.

बस साडेआठची. मी स्टँडवर जाणारच होतो, पण पेंटर नऊला यायचा होता आणि किल्ली कोणाकडे ठेवणार? टॅक्सीत सामान चढवून दिलं. दोन बॅगा आणि मणका. ती म्हणाली, दूध उकळून ठेवलंय. मी म्हटलं, पोचलीस की फोन कर. टॅक्सी वळली तेव्हा तिने मागे बघितलं की आरशात, ते कळलं नाही.

पेंटर बाराला आला.

६१७ चा बेस, म्हणजे ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग, दुकानात संपला होता. नवा माल दहा दिवसांनी. पेंटरने परस्पर ६१९ आणला. मी शेड कार्ड काढून परत एकदा बघितलं. मग म्हटलं, लावा. मुळात माझा कल ६१९ कडेच होता, मागच्या नोंदींत तसं दिसेल.

१ एप्रिल, मंगळवार.

दुसरा कोट झाला. पेंटर शिडी घेऊन गेला. जाताना विचारलं, बाईसाहेबांना आवडला का रंग? मी म्हटलं, हो.

भिंत उत्तम झाली आहे. हॉल जरा लहान वाटतो. दिवा लवकर लावावा लागतो.

३ एप्रिल, गुरुवार.

अंडं उकडलं. खाल्लं. भिंत बघितली.

ही रोज फोन करते, दहा मिनिटं. हाताखाली सात जण आहेत. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून मोठी पाण्याची टाकी दिसते. एकटीची खोली आहे, हे तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पण एक बादली, एक कपाट असं बोलण्यात येत होतं.

तिला भिंतीचा फोटो पाठवला. छान, असं उत्तर आलं. फोटोत ६१७ सारखाच दिसतो.

८ एप्रिल, मंगळवार.

ऑफिसात चूक झाली. जुनी आणि नवी प्रत समोर होती, वाचत गेलो आणि फरक नाही अशी सही केली. भिंगवाल्याने पकडली. दिवसातून दोनदाच्या जागी एकदा छापलं होतं. त्याने कोणाला सांगितलं नाही, दुरुस्त करून आणलं. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं.

घरी येऊन सोफ्यावर बसलो. भिंतीकडे तोंड केलं, मग पाठ केली. दोन्हीकडून घर तेवढंच रिकामं.

मला तिची आठवण येते. लिहून टाकतो. फार येते. सकाळी दात घासताना येते, का ते कळत नाही.

१० एप्रिल, गुरुवार.

निर्णय. आता कोणाला विचारायचं नाही, कशासाठी थांबायचं नाही. मी जाणार. कायमचा जाणार. ऑफिसचा कागद आहे, भिंत झाली आहे, आता राहिलंय काय?

फोनवर सांगायचं नाही. असल्या गोष्टी समोरासमोर सांगायच्या. रविवारची सकाळची बस काढली. सांगायचं वाक्यही तयार केलं : मी तुझ्याबरोबर राहायला येतो. चार शब्द. तीनदा वाचून बघितलं, चूक नाही. न्हाव्याकडे जाऊन आलो. त्याने विचारलं, काही कार्यक्रम आहे का? मी हो म्हटलं. महिन्याभरात पहिल्यांदा शीळ घातली.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.३५. बसमध्ये, अजून सुटलेली नाही.

तीनला पोचलो. हॉस्पिटलच्या मागे क्वार्टर, दारात एक कारकून. एकट्या बायकांच्या इमारतीत पुरुषांना वर सोडत नाहीत. भेटायची वेळ चार ते सहा, खाली भेटीच्या खोलीत. त्याने रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, नातं. लिहिलं.

वेळ होता म्हणून सहज विचारलं, कुटुंबाचे क्वार्टर सगळे गेले असतील आता? तो म्हणाला, छे, दोन रिकामे पडलेत. तुमच्या बाईसाहेबांनी एका ओळीचा अर्ज दिला की उद्या किल्ली. मी विचारलं, एकच ओळ? म्हणाला, एकच.

मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन इमारतीला एक चक्कर मारून आलो. ते दोन क्वार्टरही लांबून बघितले. तळमजल्यावर आहेत, पुढे अंगण.

ही साडेचारला आली. एक पेशंट लांबला होता. पांढरा कोट, नावाची पट्टी, थोडी बारीक झाली आहे. मला बघून थांबलीच. मग हसली. खरं हसली. म्हणाली, अहो, कळवायचं तरी! कँटीनमधून चहा आणला, समोर बसली. खोलीत बाकडं, टेबल, पंखा आणि घड्याळ. आणखी कोणी नव्हतं. म्हणाली, बोला.

मी वाक्य तोंडात जुळवलं. एकदम कसं म्हणायचं, म्हणून सुरुवातीला काहीतरी बोलावं असं ठरवलं. म्हटलं, भिंत झाली.

ती म्हणाली, हो, फोटो बघितला. मी म्हटलं, फोटोत कळत नाही. ६१७ ठरला होता, पण बेस संपला. ती म्हणाली, असं? मग मी सांगत गेलो. ६१९ दुसऱ्या कोटानंतर कसा बसला, कोपऱ्यात कसा गडद होतो, दुपारी खिडकीशी कसा उजळतो, पेंटरने कड कशी सोडली. थांबावं असं मला आतून वाटत होतं. दर वाक्याला वाटत होतं. पण तोंड चालू होतं आणि ती माझ्याकडे बघत ऐकत होती, हातातला कप रिकामा झाला तरी खाली न ठेवता. मधे एकदा तिने विचारलं, जेवता ना नीट? मी हो म्हटलं आणि प्रायमरवर आलो.

सहाला पाच मिनिटं कमी असताना कारकून दारात येऊन घड्याळाकडे बघून गेला.

ती उठली. कोट सारखा केला. माझ्या कॉलरला लागलेला न्हाव्याकडचा एक केस काढला. मग म्हणाली, सात तास बसमध्ये बसून आलात. आणखी काही सांगायचं होतं का?

मी म्हटलं, नाही. एवढंच होतं.